लिंबावांचून लिंबाचें सत्त्व

लिंबाच्या रसांतील सायट्रिक आम्ल स्फटिकरूपांत वेगळें केलें तें स्वीडनमधील शील या रसायनज्ञानें, १७८४ सालीं. पुढें हा सारा व्यापार लिंबांवरच चालला. त्याची किल्ली इटलीच्या हातीं होती आणि सिसिलींतील बागाईतदारांचें पोट त्यावर अवलंबून होतें. १८९३ सालीं जर्मनींतील वेमर यानें एक जातीची बुरशी साखरेपासून हेंच आम्ल बनविते असें दाखविलें; परंतु द्रवांत परके जंतु शिरून माल नासे, म्हणून कारखाना कांहीं टिकला नाहीं.

अमेरिकेंतील जेम्स करी यानें १९१७ सालीं त्यावर उपाय प्रसिद्ध केला. अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी अतिशय आंबट द्रवांतही खुशाल वाढते. इतर जंतु तेथें तग धरीत नाहींत. साखर भरपूर, पण क्षारादि पोषण बेताचें ठेवलें कीं तिची वाढ आंखडते व साखरेचें आम्ल होऊं लागतें. अर्धपोटीं ठेवल्यावांचून ही कामकरीण राबत नाहीं, असेंच म्हणावयाचें! महायुद्धामुळें इटलीचा माल दुर्मिळ झालाच होता. फायझर कंपनीनें करीला आपल्याकडे घेतलें, आणि १९१९ सालीं ब्रुकलिन येथें उथळ तबकांतून उत्पादन सुरू झालें. पुढील दशकांत इटलीची मक्तेदारी मोडली. बुरशी पोसण्याचें हेंच कसब त्या कंपनीनें पेनिसिलिनला लावलें, व १९४४ सालीं ब्रुकलिनमध्येंच तें खोल टाक्यांतून निघूं लागलें.