तुमचं पार्सल ट्रकमध्ये नेमकं कुठे ठेवतात? लेबल आणि लोडिंगचं साधं गणित

'आऊट फॉर डिलिव्हरी' असा मेसेज आला की आपण वाट बघत बसतो. पण पार्सल वेळेवर येणार का, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं: लेबल कसं आहे आणि खोका गाडीत कुठे ठेवलाय, यावरून. मी रत्नागिरीचा, काम सॉफ्टवेअरचं. म्हणून उदाहरण आपल्याच मुंबई-गोवा हायवेचं घेऊया.

लेबल : आधी पिनकोड, मग पत्ता

पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. रत्नागिरीचा ४१५६१२ बघा. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा गट. साताऱ्याचा पिनही ४१५ नेच सुरू होतो. शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. लिहिताना ५ चा ६ झाला, की ४१६ म्हणजे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाचा गट! पार्सल भलत्याच गाडीत चढू शकतं.

पावसात भिजलेलं लेबल

क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने आणला. त्यात तीच माहिती जादा कोडच्या रूपातही भरलेली असते. सर्वात वरच्या लेव्हलला साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. साध्या बारकोडमध्ये ही सोय नसते. मात्र लेबल खोक्याच्या कडेवर दुमडलं, तर दोन्ही स्कॅन व्हायला त्रास देतात.

शेवटी उतरणार, ते आधी चढणार

एकावर एक ठेवलेल्या ताटांची चळत आठवा. शेवटी ठेवलेलं ताट आधी निघतं. प्रोग्रामिंगमध्ये याला 'स्टॅक' म्हणतात. मागून उघडणारा ट्रक असाच असतो. मुंबईहून निघालेली गाडी महाड, खेड, चिपळूण करत रत्नागिरीला येणार असेल, तर रत्नागिरीचा माल सर्वात आत, केबिनच्या बाजूला. मग चिपळूण, मग खेड, आणि दाराशी महाड. महाडचा एकच खोका आत राहिला, तर भर पावसात बाकीचा माल उतरवा आणि परत भरा. परतीच्या गाडीत क्रम बरोबर उलटा.

मग कॉम्प्युटर कशाला?

कारण नियम एकमेकांशी भांडतात. जागा वाचवायची तर मोठे खोके आधी भरावेत. पण मोठा खोका महाडचा असेल तर? जड माल खाली हवा. वजन एका बाजूला गेलं, तर परशुराम घाटाच्या वळणांवर गाडी कलते. हापूसच्या पेटीवर जड काही ठेवता येत नाही, आणि तिला हवाही लागते. हे सगळं सांभाळून सर्वात उत्तम मांडणी शोधणं कॉम्प्युटरलाही फार जड जातं. म्हणून सॉफ्टवेअर 'पुरेशी चांगली' मांडणी पटकन शोधतं.

तुम्ही काय कराल?

• पिनकोड दोनदा तपासा.
• लेबल सपाट बाजूला, वर पारदर्शक पाऊच. जुनं लेबल काढून टाका.
• नाजूक मालावर वरची बाजू बाणाने दाखवा.
• वाडीतलं घर सापडत नसेल, तर खूण लिहा. टपाल खात्याने २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणलाय. दहा अक्षर-आकड्यांत साधारण चार बाय चार मीटरची जागा कळते. तो पिनकोडच्या जोडीला वापरायचा, त्याऐवजी नाही.

आंबा असो की आजीची औषधं, उशीर झाला की नुकसान आपलंच.