शीड, डिझेल, वीज: हा क्रम कुणी ठरवला?

घाटंजीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग इथं बसून होडीचा इतिहास कशाला वाचायचा, असं तुम्ही म्हणाल. पण संशोधनाचा विषय निवडताना आपण हमखास कुठं फसतो, ते या होडीत चांगलं दिसतं.

शिडाच्या छोट्या होडीला विजेची मोटार बसवणं आज नवलाचं वाटतं. आधी शीड, मग डिझेल, आता वीज, असा क्रम आपण गृहीत धरतो. तारखा तपासा. मॉरिट्झ याकोबीने सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर विजेची बोट चालवली १८३८ साली. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूवेने होडीच्या सुकाणूलाच मोटार जोडली १८८१ मध्ये. मोटार काढता-घालता येत होती, त्यामुळे होडी फोडायची गरज नव्हती. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन नीट चाललं ते १८९७ मध्ये. म्हणजे पाण्यावर वीज डिझेलच्या आधी आली!

मग ती मागे का पडली? 'बॅटरी कमकुवत होती' हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. लंडनच्या थेम्स नदीवर १८८९ च्या सुमारास विजेच्या बोटी भाड्याने मिळत, कारण काठावर चार्जिंगची सोय केली होती. ती नसेल तिथं बोट अडकायची. डिझेल मात्र डब्यात भरून कुठंही नेता येतं. वजनाचा हिशेबही पाहा. एक किलो डिझेलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते, तर आजच्या लिथियम बॅटरीत किलोमागे पाव युनिटच्या आसपास. मोटार ऊर्जा कमी वाया घालवते, तरी फरक मोठाच राहतो. स्वातंत्र्यानंतर कोकणातल्या मचव्यांवर सरकारी कर्ज-अनुदानातून इंजिनं बसली, ती डिझेलची. दूर जाऊन मासळी आणायची, तर दुसरं काय परवडणार?

शिडाच्या छोट्या होडीचं काम वेगळं. वारा असेल तेव्हा शीड ओढतं. मोटार लागते ती बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर, तास-दोन तास. तिथं वीज पुरते. केरळात वैकम इथं २०१७ पासून ७५ प्रवाशांची 'आदित्य' ही सौर बोट चालते, तीही छोट्या, ठरलेल्या मार्गावर. म्हणून 'कोणतं इंजिन श्रेष्ठ' हा प्रश्न सोडा. काम कोणतं, किती तासांचं, आणि ऊर्जा भरायची कुठं, हे विचारा.

हेच प्रश्न घेऊन आता आपल्याकडच्या विहिरींवर जा. मोट, डिझेल इंजिन, विजेचा पंप, सौरपंप. क्रम खरंच असा होता का? वीज आल्यावरही कुणी इंजिन ठेवून दिलं होतं का, आणि का? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, सोसायटीची जुनी कर्जखाती पाहा. उत्तरं क्रमात बसली नाहीत, तर घाबरू नका. तुमचा प्रबंध तिथूनच सुरू होतो.