उमा की रमा?

घरात कन्या जन्मास आली म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. आत्या एक नाव सुचविते, आजी दुसऱ्याचा आग्रह धरते, मुलीचा बाप पंचांग उघडून बसतो आणि बाळंतिणीचे मत विचारावयाचे बहुधा राहूनच जाते. पुष्कळ नावे गाळता गाळता अखेर दोनच उरतात, आणि ती दोन पुष्कळदा कानाला सारखीच लागतात. उमा आणि रमा ही अशीच एक जुनी जोडी आहे. दोहोंत अक्षरे दोनच. दुसरे अक्षर तर एकच. फरक काय तो पहिल्या अक्षराचा. परंतु एवढ्याशा फरकामागे केवढा इतिहास उभा आहे, हे पाहिले म्हणजे बारशाच्या आदल्या रात्री चालणारा वाद निरर्थक नसतो, असे दिसून येते.

अर्थाच्या दृष्टीने ही नावे दोन वेगळ्या घरांची आहेत. उमा ही हिमालयाची कन्या, शंकराची पत्नी. रमा ही समुद्राची कन्या, विष्णूची पत्नी. अमरकोशाच्या पहिल्याच कांडात दोन्ही नावे सापडतात. त्यांतही उमा या नावाला फार जुना आधार आहे. केनोपनिषदात इंद्राला ब्रह्म म्हणजे काय हे सांगणारी जी स्त्री येते, ती उमा हैमवती. म्हणजे या नावाची पहिली ठळक ओळख पत्नी म्हणून नाही, ज्ञान देणारी म्हणून आहे. ‘कुमारसंभवा’त कालिदासाने या नावाची वेगळीच उपपत्ती दिली आहे. तपाला निघालेल्या मुलीला आईने ‘अगं, नको’ असे म्हटले आणि त्या निषेधाच्या शब्दांतूनच ‘उमा’ हे नाव झाले, असे तो सांगतो. रमा हे नाव ‘रम्’ या धातूपासून आले. रमणे, आनंदणे, आनंद देणे हा त्याचा भाव. एका नावात आईचा नकार आणि मुलीचा निश्चय, तर दुसऱ्यात घराचा आनंद.

नाव कसे असावे याचे नियम आपल्या शास्त्रकारांनी केले होते. मुलांच्या नावात अक्षरे सम असावीत, मुलींच्या नावात विषम असावीत, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. मुलीचे नाव उच्चारावयास सोपे, मृदू, स्पष्ट अर्थाचे, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे मनुस्मृती म्हणते. ही शेवटची कसोटी उमा आणि रमा दोघीही उत्तीर्ण होतात. पण अक्षरांची संख्या दोन असल्यामुळे पहिल्या कसोटीला दोघीही उतरत नाहीत. त्याच मनुस्मृतीने नक्षत्राचे, वृक्षाचे किंवा नदीचे नाव असलेली मुलगी वधू म्हणून टाळावी असेही सांगून ठेवले आहे. महाराष्ट्राने मात्र शतकानुशतके आपल्या मुलींना गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, रोहिणी, रेवती म्हटले आणि त्यांची लग्नेही थाटाने लावली. नियम पोथीत राहिला. नाव पाळण्यात गेले.

पंचांगाचा कौल घ्यावा, तर तोही गमतीचा आहे. अवकहडा चक्राप्रमाणे ‘उ’ हे कृत्तिकेच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर; रास वृषभ. ‘र’ हे चित्रेच्या तिसऱ्या चरणाचे, रास तूळ. वृषभ आणि तूळ यांत षडाष्टक. कानाला सख्ख्या बहिणी वाटणारी ही नावे ज्योतिषाच्या हिशेबाने एकमेकींचे तोंड पाहावयास तयार नाहीत! मात्र जन्मनाव वेगळे आणि व्यवहारनाव वेगळे ठेवण्याची सोय आपल्याकडे पूर्वीपासून असल्यामुळे हा पेच कोणत्याही घराला फारसा जड गेलेला नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. कलकत्त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडी रमेची ‘रोमा’ होते. रोमन लिपीत लिहिताना तर रमा आणि राम यांत भेदच उरत नाही, आणि शाळेच्या पटावरची मुलगी कागदोपत्री मुलगा होऊन बसते. उमेला ही भीती नाही. शिवाय बंगालात उमा हे घरच्या लेकीचे नाव आहे. शरदऋतूत दुर्गा येते ती माहेरी आलेली उमा म्हणून, आणि तिच्या आगमनाची गीते आईच्या तोंडची असतात. भाद्रपदात माहेरवाशीण म्हणून गौरी आणणाऱ्या मराठी घराला हा भाव परका वाटण्याचे कारण नाही.

परंतु नावाला खरे वजन येते ते धारण करणाऱ्या व्यक्तीमुळे. मराठ्यांच्या इतिहासात उमाबाई म्हटले की सेनापती खंडेराव दाभाड्यांची पत्नी आठवते. १७२९ साली खंडेराव वारले. १७३१ च्या एप्रिलात डभईच्या लढाईत थोरला पुत्र त्र्यंबकराव बाजीराव पेशव्यांविरुद्ध लढताना पडला. धाकटा यशवंतराव अल्पवयी. अशा वेळी उमाबाईंनी दौलतीचा कारभार आपल्या हाती घेतला, आणि पुढे अहमदाबादेवर चालून गेलेल्या फौजेबरोबर त्या स्वतः होत्या. त्याच शतकातील रमाबाई म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांची पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवराव निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. एक नाव रणात गेले, एक चितेवर. त्या काळच्या एखाद्या आजीला रमा हे नाव नातीसाठी उच्चारताना क्षणभर थांबावेसे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

एकोणिसाव्या शतकाने मात्र हा हिशेब पालटला. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना झाली, तेव्हा एकाच कार्यात दोन रमाबाई होत्या. एक अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या पंडिता रमाबाई. हिला बापाने संस्कृत शिकविण्याचा निश्चय केला आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ ही पदवी दिली. दुसरी न्यायमूर्ती रानडे यांची पत्नी रमाबाई. नाव एकच असल्यामुळे लोकांनी एकीला विद्येवरून ओळखले, दुसरीला आडनावावरून. परंतु दुसऱ्या रमाबाई जन्मतः रमा नव्हत्याच. देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मलेल्या या मुलीचे नाव यमुना होते. १८७३ साली लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. त्यानंतर वर्षभरात कल्याणच्या दुसऱ्या एका यमुनेचे लग्न गोपाळराव जोश्यांशी झाले आणि तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले. हीच पुढे १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणारी डॉक्टर आनंदीबाई.

येथे या प्रश्नाचे मर्म आहे. तबकात तांदूळ पसरून वराने सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहावयाचे, आणि आत्याने बारशाला कानात सांगितलेले नाव त्या तांदळांखाली कायमचे पुसले जावयाचे, अशी ही रीत होती. दोन यमुना एका वर्षाच्या अंतराने अशा नाहीशा झाल्या. त्यांनी पुढे जे यश मिळविले ते दिलेल्या नावाने मिळविले, आणि ती नावे मोठी केली. पण नाव निवडताना किंवा बदलताना त्यांना कोणी विचारले नव्हते. पाळण्यापाशी उमा की रमा म्हणून रात्रभर भांडणाऱ्या घरालाही ठाऊक असे की, आपली निवड आठ-दहा वर्षांपुरती आहे.

आज ती स्थिती राहिलेली नाही. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मुलाचा जन्म नावावाचूनही नोंदता येतो आणि नाव मागाहून घालता येते. म्हणजे घाई करण्याचे कारण नाही. आणि एकदा नोंदलेले नाव विवाहाने बदललेच पाहिजे, असे कोणताही कायदा सांगत नाही. त्यामुळे आजची निवड पूर्वीपेक्षा अधिक जबाबदारीची झाली आहे. जे नाव आज ठेवावयाचे ते त्या मुलीला शाळेत, कचेरीत, परगावी, परभाषेत, वार्धक्यापर्यंत वागवावयाचे आहे. ते उच्चारताना मोडू नये, लिहिताना दुसऱ्याचे होऊ नये, आणि अर्थ विचारला असता तिला अभिमानाने सांगता यावा, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे.

पंडिता रमाबाईंना १८८१ साली मुलगी झाली, तेव्हा तिचे नाव मनोरमा ठेवले गेले. आईचे नाव लेकीच्या नावात अखंड उतरले, आणि तरीही लेकीचे नाव तिचे स्वतःचे राहिले. उमा आणि रमा यांत ज्या घराचा निर्णय होत नसेल, त्याने या उदाहरणाकडे पाहावे. पत्रिका काय सांगते याआधी, हे नाव तिच्याजवळ राहील ना, हा प्रश्न विचारावा. आणि बाळाच्या आईचे मत घेण्यास विसरू नये.