समाजकार्य शिक्षण : खर्च आणि मोबदला यांचा ऐतिहासिक विचार

समाजसेवा दानधर्माची बाब मानली जात असताना १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले. डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक होत. दोन वर्षांच्या या शिक्षणाचा खर्च केवळ शुल्काचा नव्हता. त्या काळात बुडणारी कमाईही त्यात मोडत होती. तो भरून निघण्याचा एक मार्ग कायद्याने खुला केला. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ अन्वये ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. प्रशिक्षितांना पगारी पद लाभले. स्वयंसेवी संस्थांतील वेतन मात्र बहुतांशी देणग्या व अनुदानांवरच अवलंबून राहिले. सारांश, या शिक्षणाचे आर्थिक मोल समाजाच्या गरजेपेक्षा वेतन देणाऱ्यावरील बंधनाने अधिक ठरविले, असे दिसून येते.