जागतिक कापूस व्यापार आणि पुसद परिसर : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
जागतिकीकरणाचा विचार करताना आपल्याकडे साधारणतः १९९१ चे नवे आर्थिक धोरण किंवा १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना येथून प्रारंभ केला जातो. वऱ्हाडापुरता हा प्रारंभबिंदू अपुरा आहे. येथील शेतकरी त्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे जागतिक बाजारपेठेशी जोडला गेला होता. या जोडणीतून व्यापार वाढला. परंतु भावातील चढउताराची जोखीम कोणी सोसावी, हा प्रश्न सुटला नाही. प्रस्तुत लेखात पुसद परिसराच्या, विशेषतः येथील बंजारा समाजाच्या, अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वऱ्हाड आणि लँकेशायर :
१८५३ च्या तहान्वये वऱ्हाड ब्रिटिश प्रशासनाखाली आला. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी भारतीय कापसाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावची कापूसपेठही लोहमार्गाने जोडली गेली. मात्र १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले होते. भाव उतरला तरी रोखीने भरावयाचा सारा आणि सावकाराचे देणे कायम राहिले. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य विकत घेणे अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात कापूस आणि दुष्काळ यांचा हा संबंध तपशीलाने मांडला आहे.

बंजारा समाज : वाहतुकीकडून शेतीकडे
लोहमार्गापूर्वी मीठ, धान्य व कापूस यांची दूरची वाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर अवलंबून होती. जो लोहमार्ग कापसाला लिव्हरपूलजवळ घेऊन गेला, त्यानेच या वाहतूकदारांचा व्यवसाय हिरावला. १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो यांनी मांडलेल्या तुलनात्मक लाभाच्या सिद्धांतात एका व्यवसायातून बाहेर पडलेले श्रम दुसऱ्या व्यवसायात सहज सामावले जातात, असे गृहीत आहे. पुसद परिसरातील तांड्यांचा इतिहास या गृहीतकाची मर्यादा दाखवतो. पाठीवर गोणी वाहणारे बैल नांगराला जुंपले गेले, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओढाताणीनंतर. आणि डोंगराळ, कोरडवाहू जमिनीवर स्थिरावलेला हा समाज पुन्हा त्याच जागतिक भावाच्या अधीन झाला. आधी वाहतूकदार म्हणून आणि नंतर उत्पादक म्हणून, असा दुहेरी आघात त्याने सोसला.

संरक्षणाचा प्रयोग :
पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. जोखीम शेतकऱ्याकडून शासनाकडे नेण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. तथापि योजना निर्दोष नव्हती. चुकारे रखडत, तोटा वाढत गेला आणि बाहेर अधिक भाव असेल तेव्हा कापूस शेजारच्या राज्यांत जाई. २००२ नंतर एकाधिकार सैल झाला, परंतु त्याची जागा घेणारी तितकीच व्यापक व्यवस्था उभी राहिली नाही.

नियमबद्ध व्यापाराची मर्यादा :
अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. नियमांचा लाभ वाद चालवू शकणाऱ्या राष्ट्राला मिळाला. त्याच अनुदानांनी दबलेल्या भावाची भरपाई वऱ्हाडातील शेतकऱ्याला मिळाली नाही. पुढे भारत सरकारने २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क लावले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते स्थगित करून नंतर ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. सूतगिरण्यांना स्वस्त कच्चा माल हवा होता, हे खरे; परंतु वेचणीचा हंगाम याच काळात येतो, हेही तितकेच खरे.

निष्कर्ष :
१) वऱ्हाडाचे जागतिकीकरण लोहमार्गाइतकेच जुने आहे.
२) व्यापाराचा एकूण लाभ आणि त्याची वाटणी हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.
३) एकाधिकार खरेदीचे अपयश हे तिच्या कार्यपद्धतीचे होते; जोखीम वाटून घेण्याच्या तत्त्वाचे नव्हते.
आपण वर्गात आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सिद्धांत शिकवतो. समोर बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी त्याच वर्षीचा कापूस विकायचा असतो. सिद्धांताची गृहीतके तपासण्यासाठी त्यांच्या घरचा हिशेब हे सर्वांत जवळचे साधन आहे, याचे भान अध्यापनात ठेवणे आवश्यक वाटते.