हूक कुठं लावायचा?

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा सूचना स्पष्ट होती, ‘आठवणी नकोत, आठवणींचे चाळीस लेख आलेत. तू इतिहासाचं काहीतरी दे.’ दहावीला इतिहासात मला किती गुण होते हे मंडळाला ठाऊक नसावं. १९८६ साली शाळा सोडली आणि त्यानंतरचं आयुष्य लेथ आणि वेल्डिंग मशीनपुढं गेलं. तेव्हा इतिहास लिहायचा तर लोखंडाचाच. तोही एका हुकाचा.

टेक्निकलला असलेल्यांना वर्कशॉपचे सर कोण ते सांगायला नको. एकदा त्यांनी फळ्यावर एक मोठं चाक आणि एक लहान चाक काढलं. खाली लिहिलं ‘ट्रॅक्टर’. मग विचारलं, “मागं रुतलेली गाडी आहे. दोर कुठं बांधाल?” निम्म्या वर्गानं मोठ्या चाकाच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. त्यात मीही होतो. सर म्हणाले, “म्हणजे मराल.” तेवढ्यात घंटा झाली. परीक्षेत हा प्रश्न आला नाही, त्यामुळे तो विषय तिथंच संपला, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

दोरानं ओढायची विद्या आपल्याकडं ट्रॅक्टरच्या कितीतरी आधीची आहे. मोट आठवा. बैल धावेवरून उताराला जायचे, मोटकरी नाड्यावर बसून आपलं वजन ओढीत घालायचा, आणि चाकावरून नाडा सरकत मोट वर यायची. आपल्यातल्या कित्येकांच्या आजोबांना नाडा तुटल्यावर काय होतं ते सांगावं लागत नसे. पुढं विहिरीच्या खोदाईला यारी आली. मोटेचीच युक्ती, फक्त बैलांच्या जागी एंजिन.

विलायतेत हेच काम वाफेवर आधी झालं. लीड्सच्या जॉन फाउलरनं एंजिन बांधावर उभं केलं आणि ड्रमवर गुंडाळलेल्या तारेच्या दोरानं नांगर शेतातून ओढला. एंजिन इतकं जड, की ते शेतात घातलं असतं तर मातीच दाबून बसली असती. १८५८ साली तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीनं त्याला ५०० पौंडांचं बक्षीस दिलं. आज आपण ज्याला विंच म्हणतो ती शेतात अशी आली. ओढणारा जागेवर उभा आणि ओढला जाणारा हलतो.

घोटाळा सुरू झाला तो ओढणारा स्वतःच चालायला लागल्यावर. १९१७ साली हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. हलका, स्वस्त, आणि मागं उलटण्याबद्दल बदनाम. नांगर दगडात अडकला, की मागची चाकं थांबत पण एंजिन थांबत नसे. एंजिनाचा जोर कुठंतरी जाणारच. चाकं फिरेनात, तेव्हा धुराच आधार होतो आणि त्याच्याभोवती अख्खं धूड वर चढू लागतं. पुढची चाकं उचलतात. ट्रॅक्टर परतीच्या रेषेपलीकडं जायला पाऊण सेकंद पुरतो. तेवढ्यात माणसाचा पाय क्लचवर पोचत नाही. पुढं फोर्डसनला मागं लांब निघालेले मडगार्ड लावले, ते जमिनीला टेकून उलटणं अडावं म्हणून.

बेलफास्टच्या हॅरी फर्ग्युसननं रोगाच्या मुळाला हात घातला. पहिल्या महायुद्धात आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांची देखरेख त्याच्याकडं होती, त्यामुळं सगळी दुखणी त्यानं जवळून पाहिली होती. त्यानं नांगर मागं साखळीनं बांधायचा सोडून ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडला. खाली दोन दांडे, वर एक. खालचे दांडे ओढतात. वरचा दांडा ओढत नाही, तो ढकलतो. नांगर अडला, की त्या वरच्या दांड्यातून येणारा दाब ट्रॅक्टरचं नाक उलट खाली दाबतो. १९३९ साली फोर्डच्याच कारखान्यातून ही जोडणी असलेला ट्रॅक्टर बाहेर पडला. आज आपल्या गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागं उभं राहा, तेच तीन बिंदू दिसतील. वरच्या दांड्याला आपण टॉप लिंक म्हणतो.

हा सगळा इतिहास मला १९९३ च्या पावसाळ्यानंतर कळला. आधी कळायला हवा होता.

आपल्या वर्गातला एक जण, शेवटच्या बाकावरचा, त्याच्या घरी आजोबांनी घेतलेला इंटरनॅशनल बी-२७५ होता. पस्तीस हॉर्सपॉवरचा. महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली जी कंपनी काढली, तिचा हा ट्रॅक्टर. त्याचा मूळचा ड्रॉबार कधीतरी गहाळ झालेला. तो माझ्याकडं आला, म्हणाला, ट्रॉल्या रुततात, एक दणकट हूक करून दे. मी नवा वर्कशॉपवाला. वीस मिलिमीटरची प्लेट कापली, हूक वळवला, आणि लावला कुठं? टॉप लिंकच्या पिनेवर. जागा हाताशी होती, भोक तयार होतं. फर्ग्युसननं ट्रॅक्टर उलटू नये म्हणून जो बिंदू शोधला, बरोबर तोच मी उलटायला दिला.

उसाची ट्रॉली काळ्या रानात रुतली होती. त्यानं साखळी लावली, पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. हूक तुटला नाही. माझं वेल्डिंग पक्कं होतं. तो वाचला, कारण बांधाच्या उंचवट्यावर सीट टेकली आणि खाली थोडी पोकळी राहिली. डावा पाय गुडघ्याखाली गेला. हे लिहू का, म्हणून मी त्याला विचारायला गेलो, तर म्हणाला, “लिही. पण साखळी मीच लावली होती, तेही लिही.” लिहिलं. तरी हूक माझा होता.

स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणारी माणसं झपाट्यानं कमी झाली. आपल्या जुन्या बी-२७५ वर ऊन अडवायला छत्रीसुद्धा नसते.

तो ट्रॅक्टर पुढं बाभळीखाली पडून होता. सात वर्षांपूर्वी मी तो विकत घेतला आणि हळूहळू उभा केला. पहिलं काम ड्रॉबारचं. तो मागच्या धुऱ्याच्या मध्यरेषेच्या बराच खाली आहे. खाली असला, की नाक उचलायला लागताच ड्रॉबारचं टोक आणखी खाली जातं आणि उलटवणारा जोर आपोआप घटतो. हाउसिंगला वेल्डिंग केलेलं नाही. ते बिडाचं, वेल्डिंगच्या शेजारी तडकतं. कंपनीनं ठेवलेल्या भोकांतच ८.८ च्या बोल्टांनी आवळलंय. नाकावर वजनंही टांगली आहेत, पण वजनं टांगली म्हणून हूक वर न्यायची मुभा मिळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो आणि रोज कुणीतरी वाद घालतो.

विंचचा किस्सा वेगळा. हौस म्हणून पीटीओवर चालणारी घरगुती विंच करायला घेतली. पीटीओचे फेरे मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर किंवा गळ्यातला पंचा त्यात सापडला, तर ओरडायलाही वेळ नाही. म्हणून शाफ्टवर पूर्ण आवरण, ते बसवल्याशिवाय पुढं काही नाही. मग तीसास एकचा वर्म गिअर आणि वीस सेंटिमीटर व्यासाचा ड्रम. कागदावर हिशेब मांडला. पीटीओवर तीस हॉर्सपॉवर आणि निम्मी ताकद घर्षणात गेली असं धरलं, तरी दोरावर सहा टनांची ओढ! ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आत. म्हणजे समोरचं हललं नाही तर ट्रॅक्टरच मागं खेचला जाणार. त्या रात्री मला झोप आली नाही.

शेवटी मधे शिअर बोल्ट घातला, मुद्दाम कमजोर. ओढ ठरावीक हद्दीपुढं गेली, की तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. विंचच्या चौकटीला खाली जमिनीत रुतणारं पातं दिलं आणि दोर बाहेर पडतो तो रोलर शक्य तितका खाली ठेवला. ड्रमवर चार वेढे कायम शिल्लक राहतात, ते लाल रंगवलेत. दोराच्या टोकाच्या यू-क्लॅम्पचं खोगीर ओढ घेणाऱ्या अंगाला आणि यू मेलेल्या टोकावर. उलटं बसवलं तर आतल्या तारा चिरडतात. चालवताना दोरावर ओलं पोतं टाकतो, आणि त्याच्या रेषेत कुणी उभं राहिलं तर एंजिन बंद. लोक हसतात. मी थांबतो.

स्नेहमेळाव्याला ट्रॅक्टर शाळेच्या मैदानावर आणतोय. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, पीटीओ सुरू करायचा नाही या अटीवर. वर्कशॉपचे सर येणार आहेत असं कळलं. सर, ड्रॉबार तपासून घ्या, स्पॅनर गाडीतच असेल. आणि मैदानात ट्रॅक्टर मी चालवणार नाही, शेवटच्या बाकावरचाच चालवणार. डाव्या पायाचा क्लच त्याच्यासाठी हातावर घेतलाय, गेल्याच आठवड्यात. दोनदा बंद पाडलं त्यानं, तिसऱ्यांदा बांधापर्यंत गेला.