डेटाबेस : वेब डिझायनरसाठी प्रारंभिक ओळख

डेटाबेस : संकेतस्थळावरील सतत वाढणारी व बदलणारी माहिती पानांपासून वेगळी, ठरावीक रचनेत साठवण्याची व्यवस्था. पानाचा आराखडा एचटीएमएल आणि रूप सीएसएस सांभाळते. त्यात कोणती माहिती भरायची, हे सर्व्हरवरील प्रोग्रॅम डेटाबेसला विचारून ठरवतो. त्यामुळे, उदाहरणार्थ, पक्ष्यांच्या संकेतस्थळावर शंभर पक्ष्यांसाठी शंभर पाने हाताने लिहावी लागत नाहीत. एकच साचा पुरतो.

पूर्वपीठिका : आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 मध्ये संबंधाधारित (रिलेशनल) प्रतिमान मांडले. माहिती परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांत ठेवावी, हे त्याचे सूत्र. त्यावर प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा त्याच दशकात आयबीएममध्येच घडली. वेबच्या क्षेत्रात मायएसक्यूएल (1995) हा डेटाबेस पीएचपी या सर्व्हरवरील भाषेच्या जोडीने पसरला. वर्डप्रेसही मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालते. एसक्यूलाइट (2000) सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवते व त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. म्हणून सरावाला ते सर्वांत सोयीचे.

कर्नाळ्याचे उदाहरण : पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत 12.11 चौ. किमी क्षेत्राचे कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. येथील पक्षिनोंदींचे संकेतस्थळ करायचे, तर नवशिक्या डिझायनर बहुधा एकच लांब तक्ता आखतो आणि प्रत्येक ओळीत पक्ष्याचे नाव, ठिकाण, तारीख पुन्हा पुन्हा लिहितो. एकाने ‘तिबोटी खंड्या’ लिहिले, दुसऱ्याने ‘तिबोटी धीवर’, की एकाच पक्ष्याचे दोन पक्षी होतात आणि मोजदाद चुकते.

उपाय तीन कोष्टकांचा. ‘पक्षी’ कोष्टकात प्रत्येक जात एकदाच : क्रमांक, मराठी नाव, शास्त्रीय नाव, स्थानिक की स्थलांतरित. ‘ठिकाणे’ कोष्टकात हरियाल व मोरटाका या निसर्गवाटा, कर्नाळा किल्ल्याची वाट. ‘नोंदी’ कोष्टकात तारीख, संख्या आणि पहिल्या दोन कोष्टकांतील क्रमांक. ओळीची ओळख पटवणाऱ्या क्रमांकाला प्रायमरी की, तर दुसऱ्या कोष्टकातून आणलेल्या क्रमांकाला फॉरेन की म्हणतात. पर्यायी नावांसाठी चौथे कोष्टक जोडता येते. एक गोष्ट एकाच जागी लिहावी, हे या रचनेचे मर्म. नाव दुरुस्त केले, की ते सर्व पानांवर दुरुस्त होते. म्हणून पानाचे चित्र काढण्याआधी कोष्टके कागदावर आखावीत.

प्रश्न विचारणे : सिलेक्टने माहिती मिळते, इन्सर्टने भरते, अपडेटने बदलते, डिलीटने जाते. व्हेअरने अट घालतात, जॉइनने कोष्टके जोडतात. ‘जून ते सप्टेंबर या काळात मोरटाका वाटेवर तिबोटी खंड्या कधी दिसला?’ या प्रश्नाला तिन्ही कोष्टके जोडावी लागतात. अपडेट आणि डिलीटमध्ये व्हेअर विसरल्यास कोष्टकातील प्रत्येक ओळ बदलते किंवा पुसली जाते. म्हणून तीच अट आधी सिलेक्टने तपासून घ्यावी.

मराठी मजकूर : यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ8एमबी4 हा अक्षरसंच निवडावा. जुन्या तीन बाइटी संचात इमोजी मावत नाहीत. तारीख मजकूर म्हणून न ठेवता तारखेच्याच प्रकारात, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने ठेवावी. नाहीतर कालक्रम बिघडतो.

सुरक्षितता : अभ्यागताने फॉर्ममध्ये लिहिलेला मजकूर थेट एसक्यूएल वाक्यात जोडू नये. त्यातून घातक आज्ञा घुसवता येते. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरल्यास मजकूर आज्ञेपासून वेगळा राहतो. पासवर्ड हॅश करूनच, म्हणजे मूळ रूप परत मिळणार नाही असे बदलून, साठवावेत. बॅकअप नियमित घ्यावा व तो परत भरून पाहावा.

विस्तार : 2002 मध्ये कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा व नॅशनल ऑडुबॉन सोसायटी यांनी सुरू केलेला ई-बर्ड हा याच प्रकारचा, पक्षिनोंदींचा जागतिक डेटाबेस होय. जाती, ठिकाण, तारीख व संख्या हेच त्याचेही पायाभूत घटक. धोक्यातील संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे तो सर्वांना दाखवत नाही. हा धडा डिझायनरनेही घ्यावा : नोंद साठवणे आणि ती प्रसिद्ध करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. घरट्याचा पत्ता कोष्टकात असला, तरी पानावर नसावा.